उघड्या दारांचं आवार

चाचांच्या भंगाराच्या आवारात एकाही मोटारीचं दार पूर्ण लागलेलं नसे. प्रत्येक दारात विटेचा एक तुकडा अडकवलेला असे आणि हाताचा पंजा जाईल एवढी फट राही. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे, गाडीतून आत्ताच कुणीतरी उतरलं आहे आणि दार लावायला विसरलं आहे. मग नजर खाली जाई. चाकं नसत. चाकांचे आस मातीत रुतलेले असत, आणि बॉनेटच्या भोकातून घाणेरीचं झुडूप वर आलेलं असे.

"बंद गाडी आतनं कुजती," चाचा सांगत. "वारं लागलं पायजे. माणसाचं बी तसंच हाय, पण माणसाला सांगून उपेग न्हाई."

ओतूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, उसाच्या शेताला लागून हे आवार होतं. चाचा मूळचे जुन्नरचे. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं; तालुक्यात त्यांना चाचा याच नावानं ओळखत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, जुन्नरला बातमीदार असताना, अपघातातला एक ट्रक पाहायला मी तिथे गेलो. बातमीसाठी ट्रकची अवस्था पाहायची होती, एवढंच काम. चाचांनी बाजेवरूनच हात केला. "ट्रक मागं हाय. जाताना मधल्या गाड्यांना हात लावू नका."

मधल्या गाड्या म्हणजे कडुनिंबांच्या सावलीतली एक रांग. तीन फियाट, दोन अँबॅसिडर, एक विलीज जीप आणि टोकाला एक लांबलचक डॉज. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पत्र्याला गंजाची भोकं पडली होती, एका फियाटच्या डिकीत मोहोळ होतं. त्या रांगेच्या मागे चाचांचे कामगार गॅस कटरनं टेम्पो, ट्रॅक्टर, मळणीयंत्रं तोडत होते. लोखंडाचा ढीग माणसापेक्षा उंच झाला होता. पुढच्या रांगेला मात्र ठिणगीसुद्धा लागलेली नव्हती. जो पत्रा तोडून विकायचा त्याचा तुकडाही विकायचा नाही, आणि दुरुस्तही करायचा नाही, हे भंगाराच्या धंद्यात मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

याचं कारण चाचा प्रत्येक विकणाऱ्याला विचारत त्या प्रश्नात होतं. गाडी टो करून फाटकाशी आली की ते आधी विचारत, "हिच्यातनं नवरी उतरली का?"

त्या काळात गावोगावी मोटार एखाद्याच घरी असे, आणि लग्नसराईत ती सगळ्या भावकीची होई. ज्या गाडीतून सून घरी आली ती गाडी तोडायची नाही, असा चाचांचा नियम होता. तो कोणत्या धर्मात लिहिला आहे, असं एकदा कुणीतरी विचारलं. "डायवरच्या धर्मात," ते म्हणाले. मालकांनाही घरची लक्ष्मी जिच्यातून आली ती गाडी कटरखाली घालायला जड जाई. मग गाडी विकली जात नसे, ठेवली जात असे. चाचा शब्द देत आणि दारात विटेचा तुकडा लावत.

काही जण खोटं बोलत. आणे गावच्या एका गृहस्थांनी फियाट आणली आणि सांगितलं, गाडी फक्त शेताच्या कामाला वापरली. चाचांनी मागचं शीट उचललं. शिवणीत बोट फिरवलं आणि तळहात पुढे केला. त्यावर वाळून खडा झालेले तांदळाचे चार दाणे होते, कुंकवाचा रंग अजून थोडा शिल्लक असलेले.

"पावणं, शेतात अक्षता पेरल्या व्हत्या का?"

गृहस्थ हसले आणि फियाट रांगेत लागली.

रस्त्यानं जाणारे चाचांना चिडवत. "चाचा, तुमचं भंगार हाय का सासुरवाडी?" चाचांचं उत्तर ठरलेलं असे. "सासुरवाडीत एवढा मान मिळाला असता तर हितं कशाला बसलो असतो, राव?" आतून चाची म्हणत, "ऐकू आलं बरं का."

टोकाची डॉज चाचांनी स्वतः चालवली होती. तरुणपणी ते आण्याच्या एका सधन घरात ड्रायव्हर होते आणि ती डॉज लग्नसराईत सगळ्या तालुक्यात फिरे. नवरी मागे बसली की चाचा पुढचा आरसा छताकडे फिरवत. "पोरगी रडती मागं. तिला वाटाय नको कुणी बघतंय. मागची गाडी हॉर्न देईल की, त्याला काय आरसा लागतो?" आवारातल्या डॉजचा आरसाही छताकडेच होता.

त्या डॉजमधून आलेल्या नववधूंपैकी एक आवाराच्या शेजारीच राहत होती. सुमनबाईंचं माहेर मढ गावचं. लग्न होऊन त्या बबनरावांच्या घरी आल्या, आणि बबनरावांचा ऊस आवाराच्या कुंपणाला लागून होता. मढहून ओतूरपर्यंत त्या रडत आल्या होत्या, वाटेत गाडी लागली, तेव्हा चाचांनी गाडी थांबवून कुणाच्या तरी वस्तीवरून लिंबू आणून दिलं होतं. पुढे दोन मुलांची आई झाल्यावरही चाचा त्यांना पोरीच म्हणत. बांधावरचं गवत कापायला आल्या की त्या कुंपणाशी थांबत आणि रांगेकडे बघून म्हणत, "चाचा, माझी गाडी धुतली का न्हाई?"

"तुझ्या नवऱ्याला सांग धुवायला. फुकट आणली का तुला?"

दोन हजारनंतरच्या वर्षांत तालुक्यात बिबटे वाढले, म्हणजे दिसू लागले. डोंगरातलं जंगल सोडून ते उसात राहू लागले होते. शेळ्या, कुत्री जात. लोक संध्याकाळी एकटे बाहेर पडेनासे झाले. मी त्या काळात बिबट्याच्या इतक्या बातम्या दिल्या की मजकूर जवळजवळ ठरून गेला होता: गाव, जनावर, वेळ, पिंजऱ्याची मागणी.

एके दिवशी सकाळी आवारातून निरोप आला तेव्हाही तेच वाटलं. पोहोचलो तेव्हा सुमनबाईंना जीपमधून नारायणगावच्या दवाखान्यात हलवलं होतं. बांधावर विळा पडला होता आणि गवताचा अर्धा भारा. तारेच्या कुंपणाला लुगड्याचा तुकडा अडकला होता. बिबट्यानं उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत फाडला, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. बिबट्या उसातून आला असेल, असं मी धरून चाललो होतो. वनखात्याचा एक माणूस माग काढत उलट्या दिशेनं गेला. तो कुंपणाकडे गेला, तारेखालून वाकला, रांगेच्या टोकाला पोहोचला आणि थांबला. मग त्यानं हात वर करून सगळ्यांना मागे सरायला सांगितलं.

डॉजच्या मागच्या शीटवर दोन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेली. शिटाचा कापूस ओरबाडून त्यांच्या आईनं बिछाना केला होता. मागच्या दारातला विटेचा तुकडा खाली पडला होता आणि पंज्याएवढी फट अंगाच्या रेट्यानं मोठी झाली होती. दाराच्या कडेला केस चिकटले होते.

गर्दी जमली होती. बबनराव दवाखान्यातून परत आले होते, सदऱ्यावर रक्त होतं. ते डॉजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाचा, तुमच्या गाडीतनं आलं ते."

"मला ठाऊक व्हतं," चाचा म्हणाले.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत माणसं नाकारताना पाहिली होती, विचारल्यावर कबूल करताना पाहिली होती. न विचारता भरल्या गर्दीत असं वाक्य बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. वनखात्याचा माणूसही वळून बघू लागला.

चाचा सांगत राहिले. आठवड्याभरापूर्वी त्यांनी डॉजमध्ये पिल्लं पाहिली होती. मादी तेव्हा नव्हती. सांगितलं असतं तर गाव काठ्या आणि टेंभे घेऊन आलं असतं, पिल्लं मेली असती, गाड्या जळाल्या असत्या. "बाळंतीण हाय, म्हटलं. चार दिवसांत उचलून नेईल. त्या शिटावर बसलेल्या कुणाला मी कधी उठवलं न्हाई."

"आन् आमची माणसं?" बबनरावांनी विचारलं.

"पोरीला मी सांगितलं व्हतं. कुंपणाकडं येऊ नको म्हटलं. साप निघालाय म्हटलं."

बबनरावांनी डोळे मिटले. सुमनबाई मढच्या, डोंगराच्या कुशीत वाढलेल्या. सापाला त्या भीत नसत, हे त्या बांधावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. चाचांनाही माहीत होतं. आदल्या दिवशीच त्या कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "सापाला कोण भितंय, चाचा? साप दिसला तर तुमालाच हाक मारीन."

बबनरावांनी चाचांना शिवी दिली नाही, अंगावर गेले नाहीत. ते मागे वळले आणि दवाखान्याकडे निघाले. चाचा उभेच होते. संध्याकाळपर्यंत वनखात्यानं पिंजरा लावला, पुढे मादी सापडली आणि पिल्लांसह तिला नेलं.

बातमी चार ओळींची आली. दोन दिवसांनी चाचा जुन्नरला मला शोधत आले. "तुमी लिहिलं का, मला ठाऊक व्हतं म्हणून?"

लिहिलं होतं. पुण्याच्या संपादकीय डेस्कनं जागेअभावी ते वाक्य काढलं होतं. तसं मी सांगितलं.

"म्हंजे बाहेर कुणाला कळलंच न्हाई," चाचा म्हणाले आणि चहा न घेता उठले.

गावानं फक्त एवढंच सांगितलं होतं की झुडपं काढा आणि गाड्यांची दारं लावा. चाचांनी मालकांना निरोप पाठवले: गाड्या तोडतोय, काही आठवण पाहिजे असेल तर घेऊन जा. एकानं हँडल नेलं, एकानं स्टिअरिंग. आण्याचे ते फियाटवाले गृहस्थ संतापून आले. एकेकाळी खोटं सांगून गाडी विकायला आलेले तेच.

"तुमी शब्द दिला व्हता, चाचा."

"दिला व्हता. मोडतोय. मोडणारा मी हाय, तुमच्याकडं पाप येत न्हाई."

कामगारांनी वरातीच्या गाड्यांना कटर लावायला नकार दिला. त्यांना तो नियम चाचांनीच शिकवला होता. मग चाचांनी स्वतः कटर हातात घेतला. मी गेलो तेव्हा रांगेच्या जागी काळे चौकोन उरले होते, गवत न उगवलेले. इतकी वर्षं ज्या गाड्यांना हात लावायचा नाही असं बजावलं होतं, त्यांची दारं एकावर एक रचून ठेवली होती. चाचा डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता माझ्याशी बोलले. फक्त डॉज राहिली होती.

तिचं मागचं शीट त्यांनी बाहेर काढून उताणं ठेवलं होतं आणि ते शिवणी उसवत होते, तेवढ्यात फाटकातून सुमनबाई आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला. बोटं निळसर पडली होती, हलत नव्हती. बबनराव त्यांच्या मागे, फाटकाशीच थांबले.

"मला न विचारता तोडता व्हय? माझी वरात हाय ती."

चाचांनी चष्मा काढला. काही बोलायच्या आधी त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर मूठभर अक्षता होत्या, काळ्या पडलेल्या, त्यांच्यात पिवळट केस गुंतलेले.

सुमनबाईंनी वाकून पाहिलं. "ह्या माझ्याच कशावरनं? किती नवऱ्या बसल्या असतील."

"समद्यांच्या हायेत. आलेली तू एकटीच हायेस."

त्यांनी डाव्या हातानं अक्षता घेतल्या आणि पदराला बांधायचा प्रयत्न केला. एका हातानं गाठ बसेना. चाचा पुढे झाले, मग थबकले. बबनराव फाटकापासून चालत आले आणि त्यांनी ती गाठ बांधली.

"साप म्हणायला नको व्हतं, चाचा," सुमनबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बिबट्या हाय म्हणून सांगितलं असतं तर मी गावात बोलले नसते. मला इचारून तरी बघायचं."

सुमनबाई डॉजच्या मागच्या दाराशी गेल्या. कुणीतरी विटेचा तुकडा पुन्हा होता तिथे ठेवला होता. त्यांनी वाकून तो डाव्या हातानं काढला, बाजूला टाकला आणि खांद्यानं दार लोटलं. बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. तिसऱ्या रेट्याला खट्ट आवाज झाला आणि दार बसलं.

"आता तोडा," त्या म्हणाल्या.

चाचांनी चष्मा लावला.

पुढे त्या आवारात मोटारी आल्या नाहीत. टोमॅटोचे फुटके क्रेट, ठिबकच्या जुन्या नळ्या असा माल येई. सुमनबाईंचा हात पुरता बरा झाला नाही; गवत त्या डाव्या हातानं कापत आणि कुंपणाशी थांबून चाचांशी बोलत. काय बोलत ते मी विचारलं नाही. चाचा गेले तेव्हा फोन सुमनबाईंचाच आला.

शेवटची भेट त्याआधीच्या उन्हाळ्यातली. निघताना चाचा बाजेवरून कष्टानं उठले आणि माझ्या जीपपर्यंत चालत आले. मी बसून दार लावलं होतं. त्यांनी ते बाहेरून तळहातानं पुन्हा दाबलं, हँडल ओढून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडचंही. मागच्या दारापाशी ते वाकले आणि आत, मोकळ्या शिटाकडे, थोडा वेळ बघत राहिले. मग हात वर करून जायची खूण केली.