ऐकणं, ऐकणं

पूर ओसरल्यावर घाटावर जो गाळ उरतो, त्याला एक वास असतो. थंड, जड, थोडा माशांचा, थोडा कुजलेल्या झेंडूचा — आणि त्याच्या तळाशी काहीतरी अगदी कोवळं, ओल्या पाटीसारखं. ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या गल्लीत तो आश्विनाच्या सुरुवातीला वर चढून येई आणि वाळत घातलेल्या कपड्यांतही राही. शेजारणींना त्या वासाने दिवाळी जवळ आल्यासारखं वाटे. मला — पण इतक्या लवकर कसं सांगू? ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. यजमानांना नाही, मुलीला नाही, माझ्या कवितांनाही नाही. आणि कवितांना तर मी काय काय सांगून बसले आहे!

आधी वन्संविषयी सांगते. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. तरुणपणीच वैधव्य आलं आणि त्या भावाकडे काशीत आल्या, त्या इथल्याच झाल्या. कुणी कीव करू लागलं तर फटकन म्हणत, “मी गंगेसाठी राहिलेय हो इथे, तुमच्या भातासाठी नाही!” थंडी असो, ताप असो, पहाटेचं गंगास्नान त्यांनी चुकवलं नाही. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांचा हात धरून घाटावर नेणं माझ्याकडे आलं. पायऱ्यांना त्या बनारसी वळणाने ‘सिढ्या’ म्हणत. त्या सिढ्या उतरताना त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट होत — कोरडी, हलकी, चंदनाचा मंद वास असलेली. पाण्यात पहिलं पाऊल पडलं की ती पकड एकदम सुटे. मला ती सुटल्याचा क्षण फार आवडे. हे मी त्यांना कधी बोलले का? नाही.

तो सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी मुलींच्या महाविद्यालयात काव्य शिकवत असे. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घरातल्या दुपारी अचानक मोठ्या झाल्या. अशाच एका दिवशी विद्यार्थिनींना घेऊन सारनाथला गेले असताना, तिथल्या पुस्तकांच्या दुकानातून मी ध्यानावरचं एक बारीकसं पुस्तक उचललं. मग दुसरं, मग आणखी. स्मृती, सजगता, विपश्यना. गुरू केला नाही. करावासा वाटला नाही. पुस्तकं मला पुरेशी वाटली — कारण मला शब्द नेहमीच पुरेसे वाटत आले होते. हाच माझा दोष होता, असं म्हणून मी सुटू शकते का? नाही. खरा दोष पुढे आहे.

त्या पुस्तकांत एक रीत सांगितली होती. डोळे मिटून बसावं. जे जाणवेल त्याला मनात हलकेच नाव द्यावं आणि जाऊ द्यावं. मी तिला आपल्या घरच्या मराठीत आणलं. डास चावला — ‘खाज, खाज’. देवळाची घंटा वाजली — ‘ऐकणं, ऐकणं’. जिने आयुष्यभर वस्तूंना नावं देण्यातच सुख मानलं, तिला यापरतं गोड काय असणार! प्रत्येक पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं शीलाची असत, मैत्रीची असत. ती मी उलटून पुढे जाई. मला ती नीतिपाठासारखी वाटत.

आमच्यासारख्या घरांत एक वळण असतं, तुम्हालाही ठाऊक असेल. जपाला वा पूजेला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. वन्सं हे वळण माझ्यासाठीही कसोशीने पाळत. दूधवाल्याला त्या दारातच गप्प करत. मी उठले की मात्र थट्टा करायला चुकत नसत. “डोळे मिटून काय गं एवढं दिसतं तुला? मला तर उघडूनही दिसत नाही.” मी हसे. आणि रोज बैठक थोडी लांबवी. माझी बैठक आणि त्यांचं स्नान यांची वेळ एकच होती. त्या उंबऱ्याशी कोरडं लुगडं आणि लोटा घेऊन बसून राहत — मी उठेपर्यंत. मला ते ठाऊक होतं. मी डोळे मिटून असले तरी त्यांचं तिथे बसणं मला पाठीवर जाणवत असे. त्याला मी कोणतं नाव द्यायला हवं होतं?

त्या वर्षी पाणी पुष्कळ वर आलं होतं. घाट बुडाले, आणि कितीतरी दिवस वन्संना घरीच बादलीतल्या गंगाजलाने अंघोळ करावी लागली. त्या कोमेजून गेल्या होत्या. मग पाणी उतरलं. एका संध्याकाळी कुणी सांगितलं, की वरच्या सिढ्या मोकळ्या झाल्या आहेत. गाळ अजून काढलेला नव्हता. वन्संनी रात्रीच लुगड्याची घडी काढून ठेवली — माहेरी निघालेल्या मुलीसारखी.

पहाटे मी बसले होते. खिडकीतून तो वास येत होता. माझ्यामागे लोटा खाली ठेवल्याचा आवाज झाला. बराच वेळ गेला. मग वन्संनी, त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम मोडून, मला हाक मारली. एकच शब्द. अगदी हळू.

मी तो ऐकला.

स्पष्ट ऐकला. आणि मनात म्हटलं — ‘ऐकणं, ऐकणं’. पुस्तकात सांगितलं होतं तसंच. त्याच क्षणी छातीतून काहीतरी कढत वर आलं: आज पुन्हा तो हात, पुन्हा त्या सिढ्या, माझ्या वाट्याला आलेली एवढीशी पहाट पुन्हा कुणाची तरी! तो राग होता. साधा, उघडा, संसारी राग. त्याला मी नाव दिलं नाही. आवाजाला दिलं, रागाला दिलं नाही. लोटा उचलला गेला — ‘ऐकणं’. कडी निघाली — ‘ऐकणं’. पावलं गल्लीत उतरली, भिंतीला हात घासत गेल्याचासुद्धा आवाज आला — आणि मी ताठ बसून राहिले. इतकंच नाही. हेही लिहिते: मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला. केवढी ही स्थिरता!

ती मोडली घाटावरच्या एका मल्लाहाच्या, नावाड्याच्या, ओरडण्याने. “अरे दौड़ऽ! माईजी गिर गइलीं!”

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात ते नीट जुळलं नाही. वन्सं पुन्हा कधीही गंगेवर गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी काशी म्हणजे एक खाट झाली, आणि खाटेशेजारी मी भरून ठेवलेला तांब्या.

त्या दिवशी यजमानांनी मला विचारलं. मी म्हणाले, “ध्यान लागलं होतं हो. काही ऐकूच आलं नाही.” किती सहज आलं ते ओठांवर! मग ते वन्संकडे वळले, आणि भीतीने माणसं रागावतात तसे रागावले. “अक्का, एक हाक मारायला काय झालं होतं? हट्ट, नुसता हट्ट!”

वन्संनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. त्या धूसर डोळ्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, हे मी स्वतःला आजवर समजावत आले आहे.

“मारलीच नाही मी हाक,” त्या म्हणाल्या. “बसलेल्या माणसाला का उठवायचं?”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण मी तांब्या उचलून पाणी आणायला गेले. हट्टीपणाचा ठपका त्यांच्यावर राहिला. आल्यागेल्याने त्यांना उपदेश केला, आणि त्या ऐकत राहिल्या. माझ्या वाट्याला मात्र कीर्ती आली. शेजारच्या पंडिताइन गल्लीभर सांगत सुटल्या, “बहूजी की तो समाधि लग जाती है!” गुरुवारी दुपारी आपल्या मराठी बायका माझ्याकडे ध्यान शिकायला येऊ लागल्या. मी शिकवलंही! आवाज आला तर नाव द्या, जाऊ द्या. एकदा एका लेकुरवाळीने भीतभीत विचारलं, “आणि वहिनी, बाळ रडलं तर?”

“तर उठायचं,” मी म्हणाले. “ताबडतोब उठायचं.”

बायका हसल्या. पडद्यापलीकडे वन्संची खाट होती. तिकडून हसू आलं नाही, खोकला आला नाही, कूस बदलल्याचा आवाजही आला नाही.

पुढे एका माघात त्या गेल्या. शेवटपर्यंत त्यांचे पाय मी गंगाजलाने पुसत असे. पाणी तळव्याला लागलं की त्यांची बोटं किंचित सैल होत. त्यांनी कधी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. मी म्हणत आले, ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, हाक मारली नाही. अशा रीतीने तो शब्द जगातून पुसलाच गेला — फक्त माझ्या कानात उरला. मीच तो उच्चारला नाही, तर तो कधी बोलला गेला होता हे कुणाला कळणार?

आजही बाहेर गाळाचा वास आहे. मी उंबऱ्याकडे पाठ करून बसले आहे, डोळे मिटलेले आहेत, झोप नाही, ध्यान नाही, आणि मागून वन्सं हळूच विचारताहेत —

“येतेस?”