अर्थ सांगायचा नाही!

कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका छोट्या शाळेत मी शिकवते. किस्से मी काही जमवत नाही हो! ते रोज सकाळी दप्तर घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात.

आमच्या वर्गाचा एक नियम आहे. नव्या शब्दाचा अर्थ कुणी सांगायचा नाही. वाक्य करायचं, बाकीच्यांनी त्यावरून ओळखायचं.

एकदा ‘अनिवार्य’ आला. मी म्हटलं, “शाळेत वही आणणं अनिवार्य आहे.” लगेच गणेश उठला. “जीपमध्ये पंधरावा माणूस अनिवार्य हाय. त्याच्याबिगर डायवर गाडी सोडीत नाय!”

बऱ्याचदा ती पंधरावी मीच असते.

‘कौतुक’ला मात्र त्याला वाक्यच सुचेना. शेवटी म्हणाला, “बाई, तुमी माजं करा ना, मग सगळ्यांना कळंल!”

केलं बाबा!

‘संकोच’ला पूजा म्हणाली, “रात्री आई म्हनते, मला भूक नाय. आईला संकोच वाटतो.” शेजारचा दिलीप हळूच म्हणाला, “तो संकोच नाय गं. भात कमी असतो.” त्या दिवशी फळा पुसायला मला फार वेळ लागला.

आणि चौथीतली हिरा. डोंगरावरच्या वाडीतली, घरची बोली वेगळी. तीन वर्षं वर्गात अवाक्षर नाही! पाचवीला ती वसतिगृहात जाणार. तिथं पोट दुखलं तर ही पोर सांगणार कुणाला? माझ्या जिवाला घोर लागला होता.

जूनमध्ये तिच्या आईकडून मी शेवळांची रानभाजी घेतली. तिनं सोबत मूठभर हिरवी, आवळ्यासारखी फळं दिली. मी पडले साताऱ्याकडची, ही भाजी मला नवीनच. ती फळं टाकून दिली नि नुसतीच भाजी परतून खाल्ली. दुसऱ्या दिवशी घसा असा खाजतोय, की आवाजच फुटेना! वर्गात उभी राहून नुसते हातवारे. पोरं खुदुखुदु हसतायत.

हिरा उठली. माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ‘काकड’. मग वर्गाकडे वळली.

“शेवळांत काकड घातलं का घसा खाजत नाय. आयनं दिलं हुतं. बाईंनी घातलंच नसंल.”

वर्गानं टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

हिरा जवळ आली. “बाई, रडू नका. काकड म्हंजे काय, वाक्यावरनं कळलं ना?”