महिरपी कंसातली जागा

नव्याण्णव साली वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात नोकरकपातीची पत्रं संगणकावरून छापायला बाहेरचा एक प्रोग्रामर एकाच दिवसासाठी आला होता. पीएचपी या संगणकाच्या भाषेत मजकूर एकदाच लिहून नावाची जागा त्याने महिरपी कंसात बांधली. "कंस नसला तर नाव शेजारच्या अक्षरांत बुडतं, साहेब." मग छापलेलं प्रत्येक पत्र तो पुटपुटत वाचू लागला.

यादी माझ्याच ताब्यात होती; तिच्यातलं माझं नाव मी आदल्या दिवशीच गुपचूप पुसलं होतं. शेवटचं पत्र बिननावाचं निघालं. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं.

"नाव पुसलंत तरी जागा राहते. हे कोणाला तरी जाणारच."

मी पेनाने त्या रिकाम्या जागेत कोपरीला राहणाऱ्या आमच्या फोरमनचं नाव लिहिलं. त्याची नोकरी गेली, मी निवृत्तीपर्यंत राहिलो. फोरमन यादीत कधीच नव्हता. ती जागा माझी होती.