चाकाखालचा नारळ

नव्या टायरच्या रबराचा वास आला की मला दाजींच्या बंगल्यासमोरची ती पूजा आठवते. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, लाल स्पोर्ट्स कार घेतली होती, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. माझं दुकान नुकतंच बुडालं होतं आणि ही गाडी सांभाळायचं काम ते मला देणार होते. सगळे चाकाखाली लिंबू ठेवतात. मी उत्साहाच्या भरात नारळ ठेवला. करवंटी फुटली, तिच्या धारेनं टायरची कड चिरली आणि कुंकू लावलेली गाडी फाटकातच बसली. ताईनं मान खाली घातली. हे कामही गेलं, असं मी धरून चाललो. तसला टायर कोल्हापुरात मिळेना. तो पुण्याहून येईपर्यंत मी दाजींसमोर गेलोच नाही. टायर आला तेव्हा त्यांनीच हाक मारली. "ये की रं, तूच बशीव. न्हायतर लोक म्हणतील, मेव्हणा नारळ फोडून पळाला!" मी टायर बदलला, नट आवळले. मग त्यांनी बॉनेट उघडलं. "आता ऑइल बघ." मी ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. "बरोबर हाय?" "व्हय, दाजी." त्यांनी स्वतः न बघताच बॉनेट लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "रोज सकाळी बघायचं, इंजिन गार असताना." दाजींच्या गाड्या आजही माझ्याकडेच असतात. त्यांनी तेव्हा पट्टी बघितली नाही, म्हणून मी ती अजूनही दोनदा पुसून बघतो.