घाटाआधी थांबलेली बस

नाताळच्या सुट्टीत मी बसनं बुलढाण्याहून मलकापूरला निघाले होते. शेजारच्या सीटवर साठीतली एक बाई दोन्ही हातांत मोबाईल घट्ट धरून बसली होती. तिची लेक आणि जावई स्कीइंग करायला आल्प्समध्ये गेले होते. तिथं हिमकडा कोसळल्याचं तिनं सकाळी टीव्हीवर पाहिलं होतं आणि तेव्हापासून दोघांचेही फोन लागत नव्हते.

राजूर घाट जवळ आला तशी ती उठली. "भाऊ, गाडी थांबवा. घाटात रेंज जाते."

"असं कसं थांबवू मावशी?" कंडक्टर वैतागला. तिनं कारण सांगितलं. त्यानं घंटी वाजवली. ड्रायव्हरनं बस कडेला घेतली. कुणीच घाई केली नाही.

बऱ्याच वेळानं तिचा फोन वाजला. लेकीचा होता.

"तुमी दोघं बरे आहा ना?" तिनं विचारलं. मग चक्क हसली. "मले कायची कायजी? म्या त आज टीव्हीच लावला नाही."

बस सुटली. तिनं माझा हात धरला आणि खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. घाट उतरेपर्यंत तिनं तो सोडला नाही. मी तिचं नावही विचारलं नाही.