मास्तरांचा गर्जासुर

आमच्या शेजारच्या चित्रकला मास्तरांइतका निरुपद्रवी माणूस सबंध वाईत सापडायचा नाही, आणि त्यांनी जितक्या माणसांची वाताहत केली तितकी कुठल्या दरोडेखोरानंही केली नसेल. अर्थात कागदावर. आठवडाभर पाचगणीच्या शाळेत पोरांना सुरई आणि सफरचंद काढायला शिकवायचं, संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचं आणि रविवारी कृष्णेच्या घाटावर मांडी ठोकून आपली कॉमिक्सची मालिका काढायची, हा त्यांचा क्रम. मालिकेत महानायक होता, पण नावाला. तो शेवटच्या पानावर घाम पुसत उतरायचा, "उशीर झाला का?" असं विचारायचा आणि पुन्हा उडून जायचा. मास्तरांचा खरा जीव गर्जासुर नावाचा खलनायक ज्यांच्यावर ओरडून जाई त्यांच्यात. तो ओरडला की समोरचं माणूस अंगठ्याएवढं व्हायचं. मग अख्खा अंक त्या एकाच माणसाचा. एका अंकात शिंपी शिलाई मशिनवर उड्या मारून दमायचा, दुसऱ्यात शाळेतल्या बाई खडूच्या खोक्यात संसार थाटायच्या.

यासाठी मास्तर ओळखीचीच माणसं उचलत, तीही न विचारता. मला त्यांनी माझ्याच चष्म्याच्या डबीत झोपवलं. घाटावरची फुलवाली स्वतःला परडीत बुडालेली पाहून हबकलीच. "आवं मास्तर," ती म्हणाली, "मला बारीक केलं ते केलं, पर नाक तेवढं हाय तसंच का ठिवलं?" मास्तर कानापर्यंत लाल झाले. कुणी जरा आवाज चढवला की त्यांना पाणी प्यावं लागे. मी याला विक्षिप्तपणा समजत होतो.

अंक मोबाइलवर फिरू लागले आणि फिरत फिरत मास्तरांच्या गावी, कडेगावला पोचले. एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो असताना समोर एक माणूस येऊन उभा राहिला आणि माझी बोबडीच वळली. झुपकेदार मिशा, खांद्यावर टॉवेल, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. साक्षात गर्जासुर! शिंगं तेवढी नव्हती. ते मास्तरांचे थोरले भाऊ. फौजेतून निवृत्त झालेले, आता घरचा ऊस बघणारे.

"ह्ये माझं चित्र काढलंस व्हय रं?"

सगळा घाट वळून बघू लागला. मास्तरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. आता सगळे कागद नदीत जाणार, या भीतीनं मी अंकांची पिशवी छातीशी धरली. पण दादांनी ती माझ्याकडून मागून घेतली, पायरीवर बसले आणि वाचू लागले. शिंप्यापाशी चक्क हसले. "तुझा महानायक लय आळशी हाय गड्या." मग एका अंकापाशी त्यांचा हात थांबला. त्यात एक बाई पिठाच्या डब्यात राहत होती. बाहेरच्या हाका तिला ऐकू यायच्या, तिनं दिलेली ओ मात्र कुणालाच ऐकू जायची नाही.

"ही तुझी वहिनी हाय?"

"व्हय, दादा."

दादा त्या पानाकडं बघतच राहिले. मग त्या देहातून येईल असं वाटलंही नसतं अशा आवाजात त्यांनी विचारलं, "हिला परत मोठं करायचं काय औषध हाय का तुझ्या गोष्टीत?"

"अजून सुचलं न्हाई."

दादा उठले आणि जेवायलाही न थांबता निघून गेले.

पुढच्या रविवारी घाटावरच वहिनींचा फोन आला. मास्तरांची बोटं शाईनं भरली होती, म्हणून स्पीकर लावून फोन मीच त्यांच्यापुढं धरला.

"भावजी, ह्यांना काय केलंत तुमी? काल मला इचारलं, जेवलीस का म्हणून. मी येवढी दचकले, ताटच पडलं हातातनं."

"मग काय सांगितलंत, वहिनी?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई म्हटलं. तर म्हनले, बस मग माझ्याबरुबर. आदी कुणी इचारलंच न्हवतं वो."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

मालिका तिथंच थांबली. पुढचा अंक कधी, असं लोक विचारतात तेव्हा मास्तर नुसते हसतात. रविवारी ते आता कडेगावला जातात. घाटावरची त्यांची जागा रिकामी दिसली की मला बरं वाटतं, आणि जरा चुकल्यासारखंही होतं.