माफी चीफच्या नावावर

सिंगापुरातल्या नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी पुंगोलला एलआरटीच्या छोट्या गाडीत उभा होतो. नर्सने विचारलं, "यू आर द सेकंड इंजिनियर, इज इट?" जहाज सोडून मला दहा वर्षं झाली. आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या जहाजांच्या दुरुस्त्या लावून देतो. पण वसंत पेडणेकरांनी, म्हणजे आमच्या चीफ इंजिनियरनी, भरती होताना जवळच्या माणसाच्या रकान्यात माझं नाव घातलं होतं आणि नात्यापुढे लिहिलं होतं, सेकंड इंजिनियर. मी हो म्हणालो. मग तिने चीफ गेल्याचं सांगितलं. त्या गाडीला शेवटचं स्टेशन नसतं, ती गोल फिरते. मी दोन फेऱ्या तशाच मारल्या आणि मग उतरलो.

त्याला आता सात आठवडे झाले. चीफना मूलबाळ नव्हतं, वहिनी फार आधी गेल्या. पुण्यातल्या पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, तिथलं काय ते तुम्हीच बघा." त्यामुळे बिशानची त्यांची भाड्याची खोली मी एकट्याने आवरली. दोन पँटी, चार शर्ट, एक कुकर. कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या चिनी आजीने मागितली, तिला दिली. फोन तेवढा मी घरी आणला. मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट कॅन्सल द लाइन लाह." तिला काय सांगणार? तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट होती, आणि ती मी तिच्या आईलाही धड सांगितलेली नाही.

आमचं जहाज तेव्हा आखातातल्या एका बंदरात होतं. देशाचं नाव लिहीत नाही. जहाजाच्या पोटातली एक टाकी महिनोन्महिने बंद होती, आणि तिथला एक वेल्डर आत उतरून काम करणार होता. अशा टाकीतलं लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. म्हणून माणूस उतरण्याआधी मीटरची नळी सोडून तीन रीडिंग घ्यायची असतात, वर, मध्ये आणि तळाशी. ते काम माझं होतं. मी वरचं घेतलं, ठीक आलं, आणि तेच तिन्ही चौकटींत लिहिलं. घाई असली की सगळेच करतात, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. चीफनी माझ्या भरवशावर सही केली. वेल्डर तळापर्यंत गेला आणि वर आलाच नाही. तिशी ओलांडलेला माणूस, लग्न झालेलं नव्हतं, आई नव्हती, मागे फक्त म्हातारा बाप.

पोलीस जहाजावर चढायच्या आधी चीफनी मला इंजिन कंट्रोल रूममध्ये गाठलं. "कागदावर सही फक्त माझी आहे. रीडिंग मी घेतली. तू गप्प बसायचं."

"चीफ, पण..."

"पुढच्या महिन्यात लग्न आहे ना तुझं? मग गप्प बस." मी गप्प बसलो. शूर माणसं वेगळं काही करत असतील, मी मूग गिळून बसलो. जहाज निघालं, मी जहाजाबरोबर निघालो, आणि चीफ गँगवेच्या शिडीखाली दोन शिपायांच्या मध्ये उभे राहून वर बघत होते.

तिथला कायदा त्यांनी मला पुढे बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, ग्लास पुढ्यात ठेवून, समजावून सांगितला. त्या देशात एकाच खटल्यात दोन हिशोब चालतात. एक छापील दंडसंहितेचा, निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर अमुक कैद. ती सरकार देतं आणि सरकार कमीही करू शकतं. दुसरा शरियतचा. त्यात हक्क मेलेल्या माणसाच्या वारसाचा, त्याला वली म्हणतात. भरपाई घ्यायची की माफ करायचं, हे वली ठरवणार. "न्यायाधीश मला स्पष्ट म्हणाला," चीफ सांगत होते, "की हे माफ करायचा अधिकार मलाही नाही आणि आमच्या राजालाही नाही." वली काय म्हणतो ते कळेपर्यंत चीफ सहा महिने आतच होते. अशी चूक करणाऱ्या मुसलमानाने सलग दोन महिने रोजे ठेवायचे असतात, हे त्यांना बराकीतल्या एकाने सांगितलं. चीफ आयुष्यभर एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेणारे. त्यांनी साठ दिवस उजेडात पाण्याचा थेंब घेतला नाही. कोणी सक्ती केलेली नव्हती.

मग तो बाप कोर्टात आला. तरुणपणी लाकडी जहाजातून खजूर घेऊन मुंबईला यायचा, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्याने दुभाष्याला बाजूला केलं आणि चीफना एकच विचारलं, "टंकी में हवा किसने नापा?"

"मैंने," चीफ म्हणाले.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला आणि न्यायाधीशाकडे वळून म्हणाला, माफ केलं. भरपाई नको म्हणाला. संहितेची उरलेली कैद भोगून चीफ बाहेर आले, पण चीफचा हुद्दा त्यांना पुन्हा कुठल्या जहाजावर मिळाला नाही. दर ईदला ते वलींना फोन करायचे. तब्येत, गुडघे, पाऊस, एवढंच बोलणं. एकदा फोन ठेवून म्हणाले, "सुहास, मला मिळालेली माफी माझी नव्हेच. फुकट गेली बघ ती." मी तेव्हा कोपीचा ग्लास परत द्यायला उठलो. असा मी.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. नाकात नळी होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "रीडिंग तीन घेतात इथे." हसले. मग थांबून म्हणाले, "ईदला वलींना फोन कर. मी गेल्याचं सांग. बाकी काय सांगायचं ते तुझं तू बघ..."

परवा ईद झाली. दुपारी बायको आणि मुलगी बाहेर गेल्यावर मी चीफचा फोन हातात घेतला. नंबर 'वली' नावानेच होता. पलीकडून थकलेला आवाज आला, "वसंत?" मी सांगितलं, वसंत गेले. ते पुटपुटत काही म्हणत राहिले, प्रार्थना असावी. मग विचारलं, "तू कौन?"

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. "उस दिन टंकी की हवा मैंने नापी थी," मी म्हणालो. "ऊपर नापी. नीचे नहीं नापी. वसंत ने झूठ बोला था, मेरे लिए."

लाइन तुटली की काय म्हणून मी दोनदा फोन कानापासून दूर करून बघितला.

"नाम बोल," ते म्हणाले. "बाप का नाम भी."

"सुहास मनोहर चौबळ." कोर्टात उभं राहून सांगायचं होतं ते नाव.

त्यांनी ते सावकाश माझ्यामागून म्हटलं. "आज कुछ नहीं बोलूँगा," ते म्हणाले. "अगली ईद को फोन कर." आणि ठेवून दिला.

माझी माफी आता त्या एका माणसाच्या हातात आहे, आणि वली नव्वदीला टेकलेत. लाइन मी बंद केलेली नाही. चीफचा फोन रोज सकाळी चार्जिंगला लावतो आणि मग ऑफिसला जातो.